प्रेसमड, पाचट आणि वाहनाचा गॅस : शेतकऱ्यांच्या गटाने काय द्यावे, काय राखून ठेवावे?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका, जि. सांगली)

नमस्कार. आमच्या गावात ऊस उत्पादकांचा एक छोटा गट आहे. आमच्या भागात बायोगॅसपासून वाहनांचे इंधन, म्हणजे ज्याला आता सर्वजण सीबीजी म्हणतात ते, तयार करण्याचा प्रकल्प उभारण्याचा एका खासगी प्रवर्तकाचा विचार असून त्याने आमच्या गटापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. तोडणीनंतर शेतातले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, गाठी बांधून नेऊ द्यावे, कारखान्याकडून आम्हा सभासदांना खतासाठी मिळणारे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस स्वच्छ करताना मागे राहणारा साका, प्रकल्पाकडे वळवण्यास पंधरा वर्षांची संमती द्यावी, आणि शक्य असल्यास गटाने थोडे भागभांडवलही घालावे. पुढील महिन्यात त्यावर बैठक आहे.

टाकाऊ वस्तूपासून इंधन तयार व्हावे, खनिज तेलासाठी परदेशात जाणारा पैसा आपल्या तालुक्यात राहावा, ही कल्पना मला मनापासून पटते. माझी अडचण 'टाकाऊ' या शब्दापाशी आहे. माझा चार एकर ऊस आहे आणि त्यातल्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, गेली सहा वर्षे मी पाचट न पेटवता एक आड एक सरीत दाबून ठेवतो. त्यापूर्वी त्याच रानात उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटायचे. या मे महिन्यात सरीतले पाचट हाताने बाजूला केले, तेव्हा वरचा थर पापडासारखा मोडत होता, परंतु चार बोटे खाली ते काळसर आणि ओले होते, त्यावर पांढऱ्या बुरशीचे धागे पसरले होते आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या पडल्या होत्या. पाणी देऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. हे पाचट मी टाकाऊ म्हणून कोणाला कसे द्यावे?

ज्यांनी कारखान्यात, आसवनीत किंवा अशा प्रकल्पात काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बगॅस यार्ड

मी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांत एकतीस वर्षे उत्पादन विभागात होतो, आता निवृत्त आहे. प्रथम आकडे मांडतो, कारण अशा बैठकीत आकडे समोर नसले की चर्चा भरकटते.

दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरा. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा) निघते, म्हणजे रोज १,४०० ते १,५०० टन, आणि त्यातले निम्मे वजन पाण्याचे असते. ती बहुतेक सर्व बॉयलरमध्ये जाते, त्यातून कारखाना चालतो आणि सहवीज प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकली जाते. मोलॅसिस, म्हणजे साखर वेगळी केल्यावर उरणारा दाट पाक, साधारण ४ ते साडेचार टक्के निघते आणि ते आसवनीत जाऊन त्याचे इथेनॉल होते. प्रेसमड साडेतीन ते चार टक्के, म्हणजे रोज सुमारे १७५ ते २०० टन. (आपल्याकडे मोलॅसिसलाही मळी म्हणतात आणि प्रेसमडलाही मळी म्हणतात, त्यामुळे करारात कोणता शब्द लिहिला आहे ते नीट वाचा. यावरून वाद झालेले मी पाहिले आहेत.)

साधारण २५ टन प्रेसमडपासून १ टन सीबीजी मिळतो. म्हणजे गाळप सुरू असताना रोज सात टनांच्या आसपास गॅस तयार होऊ शकेल. कागदावर हा आकडा फार आकर्षक दिसतो, परंतु हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि पाचकातले, म्हणजे माल कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीतले, जिवाणू वर्षभर जेवतात. दीडशे दिवसांत जमा झालेले सत्तावीस हजार टन प्रेसमड तीनशे पासष्ट दिवस पुरवायचे म्हटले, तर रोज ७५ टनांहून कमी वाट्याला येते आणि गॅस तीन टनांवर येतो. शिवाय उघड्या ढिगात प्रेसमड आपोआप तापते, त्यातला सहज कुजणारा भाग हवेत निघून जातो, आणि ढीग आतून धुमसताना मी स्वतः पाहिला आहे. मुरघासाप्रमाणे थर दाबून वर कागद झाकला तर नुकसान बरेच कमी होते. त्यामुळे प्रवर्तकाला माझा पहिला प्रश्न असा असेल की जून ते ऑक्टोबर तुम्ही पाचकात काय घालणार आहात? पाचटाची मागणी मला याच अडचणीतून आलेली दिसते.

आता इथेनॉलशी तुलना, कारण सभासद ती करणारच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१, आणि एक किलो शुद्ध मिथेनमध्ये (सीबीजी मुख्यतः हाच वायू असतो) सुमारे ५०. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश (आसवनीचे सांडपाणी) निघतो. त्यावरही बायोगॅस संयंत्र चालवता येते आणि अनेक आसवन्यांत ते पूर्वीपासून चालू आहे. तो गॅस बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळला जातो. इथेनॉलचे धोरण उसाच्या आणि साखरेच्या उपलब्धतेशी बांधलेले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षाच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून आसवनी वाढवली होती त्यांचे काय झाले ते आपण जवळून पाहिले. प्रेसमड कोणी खात नाही, त्यामुळे सीबीजीला ती भीती नाही. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

नीरा उजवा कालवा

मी फलटणचा आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यात या विषयावर चार दशके काम झाले आहे आणि धाग्यात त्याचा उल्लेख असायला हवा.

बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकापासून गोड ज्वारीपासून इथेनॉल, त्यावर चालणारे दिवे व शेगड्या, आणि सैल पाचट व बगॅसवर चालणारा गॅसिफायर (कमी हवेत जाळून जळाऊ वायू करणारी भट्टी) यांवर काम केले. गोड ज्वारीचा विचार मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण तिचे कणीस माणसाला, ताटातला रस इंधनाला आणि चिपाड जनावराला जाते आणि पाणी उसाच्या मानाने फार थोडे लागते. दुसरे काम डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेचे. उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याच्या भट्टीसाठी या संस्थेला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला, आणि खरकट्या अन्नावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये पुन्हा मिळाला.

या बायोगॅस संयंत्रामागचे तत्त्व कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाला थेट लागू पडते. शेण हे जनावराच्या पोटातून एकदा पचून आलेले असते, त्यामुळे त्यात जिवाणूंसाठी थोडेच शिल्लक राहते. साखर आणि पिष्ट मात्र ते फार लवकर आणि जवळजवळ पूर्ण पचवतात. प्रेसमडमध्ये थोडी साखर उरलेली असते, म्हणून त्यापासून गॅस चांगला मिळतो. पाचट याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्यातला सेल्युलोज लिग्निनच्या वेष्टणात अडकलेला असतो, वर सिलिकाही असते, आणि न बारीक करता ते पाचकात टाकले की तरंगून वर जाड साय धरते. कुट्टी करणे, वाफेने किंवा रसायनाने ते आधी मऊ करणे, हे सर्व खर्चाचे काम आहे.

बगॅस यार्ड

नीरा उजवा कालवा यांच्या मुद्द्यात भर घालतो. पाचटासारख्या वस्तूपासून इथेनॉलही करता येते, त्याला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल तयार करण्याची त्याची रचना आहे, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे आणि खर्च नऊशे कोटी रुपयांच्या वर गेला. तिथे हे करणे योग्यच आहे, कारण भात काढल्यावर गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात आणि पेंढा हटवला नाही तर तो पेटवला जातो. आपल्या खोडव्यात ती घाई नसते. पंजाब-हरियाणाचे उत्तर आपल्या रानात जसेच्या तसे बसवू नये, असे मला वाटते.

तपकिरी माती

मी सांगलीत माती आणि पाणी परीक्षणाचे काम करते. कृष्णाकाठ दादा, तुमच्या सरीचे वर्णन वाचून फार बरे वाटले.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशी पश्चिम महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहेत, तरी पुन्हा लिहिते. एका हेक्टरच्या उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि सुमारे एक टक्का पालाश असते. ते कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक वापरावे, अशी ती शिफारस आहे. म्हणजे एकराच्या पाचटात पंधरा ते वीस किलो नत्र आणि तीस ते चाळीस किलो पालाश असते. पेटवले की नत्र जवळजवळ सगळे उडून जाते. वाळवा, पलूस आणि मिरज या पट्ट्यातले नमुने माझ्याकडे येतात त्यांत क्षारांचे प्रमाण वाढलेले आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेला वारंवार दिसतो. अशा जमिनीतून पाचट उचलून नेणे म्हणजे आजाऱ्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखे आहे. गाठी बांधणारे यंत्र रानात फिरते तेव्हा जमीन दाबली जाते तेही धरा.

मात्र जो शेतकरी काही केल्या पाचट पेटवणारच आहे, ज्याला खोडवा ठेवायचा नाही आणि लगेच नांगर घालायचा आहे, त्याचे पाचट प्रकल्पाला गेलेले मला चालेल. धुरापेक्षा गॅस केव्हाही चांगला. करारात हा फरक लिहून घेता येईल का, ते पाहा.

प्रेसमडच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते सभासदांना नीट समजावून सांगायला हवे. मिथेन हा कर्ब आणि हायड्रोजन यांचा वायू आहे. पाचकातून नळीवाटे जे बाहेर जाते त्यात नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नसतेच. ते सगळे मागे उरलेल्या गाळात राहते, आणि नत्राचा काही भाग तर पिकाला अधिक लवकर मिळेल अशा रूपात येतो. कर्बाचा मोठा हिस्सा गॅसमधून जातो हे खरे, परंतु तो ढिगात कुजतानाही जातच होता. म्हणून प्रेसमड आधी पाचकातून फिरवून नंतर शेतात घालणे यात शेताचे फारसे नुकसान नाही. नुकसान तेव्हा होते जेव्हा तो गाळ परत येत नाही, पिशव्यांत भरून दुसऱ्या जिल्ह्यात विकला जातो आणि आपल्या शेतकऱ्याला तेच खत विकत घ्यावे लागते. केंद्राने २०२३ मध्ये अशा सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपये साहाय्य मंजूर केले, त्यामुळे गाळालाही आता किंमत आहे.

उंबरठा

सर्वांचे लेखन वाचते आहे. मी पाटण तालुक्यातली. माझ्या घरी चौदा वर्षांपासून दीनबंधू पद्धतीचे दोन घनमीटरचे गोबरगॅस आहे. सीबीजी हा त्याचाच मोठा भाऊ आहे, म्हणून माझा अनुभव इथे कामाचा ठरेल असे वाटते.

रोज पन्नास किलोच्या आसपास शेण आणि तेवढेच पाणी लागते. चार जनावरे आहेत तोवर शेगडी दोन्ही वेळा चालते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी पडते आणि गॅस स्पष्ट कमी होतो, तेव्हा मी दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवते, त्याने फरक पडतो. मध्येच ज्योत फडफडू लागते आणि नळीत गुडगुड आवाज येतो, म्हणजे नळीत पाणी साचलेले असते. खालच्या वाकावरची चावी उघडून ते सोडून दिले की ज्योत पुन्हा निळी आणि स्थिर होते. पहिल्या वर्षी हे कोणी सांगितले नव्हते, तेव्हा गॅस संपला असे समजून मी दोन आठवडे लाकडे जाळली.

सांगायचे ते असे की संयंत्राची राखण रोज करावी लागते. सासूबाई आजारी होत्या त्या वर्षी कोणाचे लक्ष राहिले नाही, घरातले शिळे ताकही लोकांनी त्यात ओतले, आणि आतला काला आंबट होऊन गॅस बंद पडला. पुन्हा लागायला दीड महिना गेला. एवढ्याशा खड्ड्याचे हे, तर हजारो घनमीटरच्या पाचकाचे काय होत असेल? तिथे रोज नमुना तपासणारा जाणता माणूस आहे का, एवढे बैठकीत नक्की विचारा.

स्लरीवर, म्हणजे संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पातळ खतावर, मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. शेणखताबरोबर रानात तणाचे बी जायचे, ते स्लरीतून फार कमी उगवते.

जुना एनएच ४

माझा कराड ते वाशी असा भाजीपाल्याचा टेंपो आहे, सीएनजीवर चालतो. गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

शुद्ध केलेला बायोगॅस आणि सीएनजी यांत टाकीच्या दृष्टीने फरक नाही, दोन्ही मिथेनच आहेत. बायोगॅससाठी भारतीय मानकात मिथेन किमान ९० टक्के असावा असे म्हटले आहे. माझी चिंता त्या उरलेल्या दहा टक्क्यांची असते. एका पंपावर भरलेल्या गॅसने गाडी खंबाटकी चढताना दम टाकू लागली. गॅरेजमध्ये फिल्टर उघडला तर त्यात ओल आणि काळपट तेलकट चिकटा होता. गॅस कोरडा आणि स्वच्छ मिळाला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे. दुसरे म्हणजे गॅस कुठे विकणार? सीएनजीच्या रांगेत मी दीड-दोन तास काढले आहेत. महामार्गाच्या आसपास पंप निघाला तर टेंपोवाले तिथेच थांबतील.

बगॅस यार्ड

जुना एनएच ४ यांचा प्रश्न थेट गंधकाशी जोडलेला आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के असतो, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. आपल्या कारखान्यांत साखर पांढरी करण्यासाठी रसात गंधकाचा धूर सोडतात, त्याचा अंश प्रेसमडमध्ये उतरतो, आणि त्यामुळे प्रेसमडच्या गॅसमध्ये हा विषारी वायू शेणाच्या गॅसपेक्षा बराच जास्त येऊ शकतो. तो काढला नाही तर कॉम्प्रेसर, नळ्या आणि वाहनाचे भाग खाल्ले जातात. तो आधी काढून, मग कार्बन डायऑक्साइड वेगळा करून, ओल काढून, नंतरच गॅस २५० बारपर्यंत दाबतात. शुद्धीकरणाच्या यंत्रणेत काटकसर केलेला प्रकल्प पहिल्याच वर्षी दुरुस्तीत अडकतो.

विक्रीबाबत : 'सतत' ही योजना १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाली. तेल कंपन्या हा गॅस विकत घेतील अशी हमी आणि देशभर ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट तिच्यात होते. प्रत्यक्षात उभे राहिलेले प्रकल्प त्या संख्येच्या जवळपासही गेले नाहीत, आणि त्याचे मोठे कारण कच्च्या मालाची अनियमितता व खत न खपणे हेच होते. आता शहर गॅस कंपन्यांवर सीबीजी मिसळण्याचे बंधन आले आहे : २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, २०२७-२८ मध्ये ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. त्यामुळे गिऱ्हाईक मिळण्याची काळजी पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. मी नोकरीत असताना एका संयंत्राची टाकी साफ करायला एक तरुण कामगार आत उतरला. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो हे त्याला माहीत होते, आणि वास येत नाही म्हणून तो निर्धास्त होता. या वायूचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तो खाली कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरू लागला, त्याला आम्ही दंडाला धरून मागे ओढले, आणि दोर व मुखवटा आणून पहिल्याला बाहेर काढले. तो वाचला. अशा घटनांत वाचवायला उतरलेला माणूसही मरतो. तुमच्या गावातली मुले त्या प्रकल्पात कामाला जाणार आहेत. वायू मोजण्याचे यंत्र, कमरेला दोर, बाहेर उभा राहणारा माणूस आणि श्वसनाचा मुखवटा यांशिवाय कोणीही टाकीत उतरणार नाही, हे संमतीपत्रातच लिहून घ्या.

तपकिरी माती

बगॅस यार्ड काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा भाग मी आमच्या प्रयोगशाळेत लावणार आहे.

कृष्णाकाठ दादा, गाळाचे प्रमाण ठरवताना टनाला टन असा हिशेब धरू नका. पचलेल्या गाळात पाणी किती आहे यावर वजन बदलते. कोरड्या वजनावर आणि नत्र-स्फुरद-पालाशाच्या टक्क्यांवर हिशेब ठेवा, आणि प्रत्येक खेपेचा नमुना तिऱ्हाईत प्रयोगशाळेत द्या.

कृष्णाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. काल बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून मी सभासदांना आधीच वाटले होते, त्यामुळे बोलणे मुद्द्यावर राहिले.

खोडव्याचे पाचट द्यायचे नाही यावर सर्वांचे एकमत झाले. ज्या प्लॉटमध्ये ऊस मोडायचा आहे तेवढेच पाचट, शेतकऱ्याच्या लेखी संमतीने, त्या त्या वर्षापुरते द्यायचे. प्रेसमडला संमती द्यायला आम्ही तयार आहोत, परंतु पंधराऐवजी पाच वर्षांची, आणि प्रत्येक सभासदाच्या उसाच्या टनेजच्या प्रमाणात पचलेले खत वाहतुकीसह परत मिळेल या अटीवर. हिशेब ताईंनी सांगितल्याप्रमाणे कोरड्या वजनावर होईल. टाकीत उतरण्याच्या नियमांचे कलम प्रवर्तकाने वाचून लगेच मान्य केले. भागभांडवलाचा निर्णय आम्ही पुढे ढकलला आहे.

जून ते ऑक्टोबर पाचकात काय घालणार, या प्रश्नावर त्यांच्याकडे नेमके उत्तर नव्हते. दूध संकलन होणाऱ्या गावांतील शेण, सांगली-मिरजेच्या भाजी मंडईतला कचरा आणि झाकून ठेवलेले प्रेसमड असे त्रोटक सांगितले. त्याचा महिनावार तक्ता आम्ही लेखी मागितला आहे. तो आला की इथेच टाकतो. बगॅस यार्ड काकांनी त्यातले आकडे तपासून द्यावेत, ही विनंती.